स्वीकार कुणाच्या सोयीचा?

मेंदूची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणजे नेमकं काय झालं? माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत उत्तर सोपं दिसतं. नाकाच्या मुळाच्या वर, कपाळामागे, मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ होती. मेनिन्जिओमा, कर्करोगाची नव्हे. ती पूर्ण निघाली, कवटीचं हाड टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी जागेवर बसवलं, नंतरचा एमआरआय स्वच्छ आला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, ‘सुटलीस!’

वर्ष होत आलं. ताईला वास येत नाही. दुपार झाली की असा थकवा येतो की बोलता बोलता वाक्य अर्ध्यात राहतं. मिक्सर, टीव्ही आणि फोन एकदम सुरू झाले तर ती खोलीतून उठून जाते. टाक्यांमागची टाळू अजून बधिर आहे. दोन कामं एका वेळी हाती घेतली तर दोन्ही सुटतात. यातलं काहीच एमआरआयवर दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते आहे हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आमचा वाद गौरींवरून निघाला. गौरी तिच्याकडे असतात. जेवणाच्या दिवसाचं पुरणावरणाचं, सोळा भाज्यांचं सगळं यंदाही मीच करणार, असं तिनं जाहीर केलं. मी म्हटलं, पोळ्या बाहेरून आणू. तिथून पुढे बोलणं नैवेद्याचं राहिलं नाही. जे आता जमत नाही ते मान्य करून आयुष्याची घडी नव्यानं बसवायची, की जे होतं ते परत मिळवायला झगडत राहायचं? माझा कौल पहिल्या बाजूला होता.

मी : ताई, वासाचं तर तू मान्य केलंस ना? नाकाच्या छतातून मेंदूकडे जाणारे वासाचे तंतू गाठीखाली चिरडले होते, वास आता परत येणार नाही, असं सर्जननी सांगितलं. तू हातपाय गाळून बसली नाहीस. दुसऱ्याच आठवड्यात ओट्याजवळ गॅसगळतीचा अलार्म लावून घेतलास. थकव्याचंही तसंच कर की.

ताई : एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. ते मला कळत नाही, म्हणून अलार्म लावला. एक उणीव, एक उपाय, विषय संपला. थकव्याला कुठला अलार्म लावू? आणि वासाचं ‘नाही’ मला स्पष्ट सांगितलं गेलं. थकव्याचं ‘नाही’ अजून कुणीच सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, पहिले काही महिने सुधारणा झपाट्यानं होते, मग सावकाश, वर्षानंतरही थोडी थोडी होत राहते. कुणाची कुठवर, ते सांगता येत नाही. जे कायमचं आहे की नाही हे डॉक्टरांना ठाऊक नाही, ते मी आजच कायमचं म्हणून सही करून देऊ?

मी : सही करू नकोस. पण वाट बघण्यातही आयुष्य जातंच. ऑपरेशनपासून तू पेटी उघडलेली नाहीस. ‘डोकं जागेवर आलं की बसेन’ म्हणतेस. भाचीच्या नव्या घरी गेली नाहीस. सगळं ‘बरं वाटल्यावर’. आणि नाहीच वाटलं पूर्ण बरं तर?

ताई : हे मात्र खरं. पेटीचं मला लागलं. पण तू मला दोन गोष्टी एका दमात सांगते आहेस. एक, वाट बघत बसू नकोस, जगायला लाग. दुसरी, पुरण करू नकोस. अगं, माझं जगायला लागणं म्हणजे पुरण करणंच असेल तर? पेटी चालेल आणि पोळपाट चालणार नाही, हे ठरवलं कुणी?

मी : दुधानं ठरवलं. गेल्या महिन्यात तू त्याच ओट्याशी भेंडी चिरत उभी होतीस आणि शेजारच्या शेगडीवर दूध पातेल्याच्या बुडाला काळं होईपर्यंत करपलं. मी जिन्यात होते तर मला वास आला. पुरणाचा स्वयंपाक म्हणजे डाळ शिजतेय, कटाची आमटी उकळतेय, कणीक मुरतेय, भज्यांचं तेल तापतंय.

इथे मी तिला माँट्रियलची हकिकत सांगितली. १९२८ च्या डिसेंबरात वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जननं आपल्या सख्ख्या बहिणीवर शस्त्रक्रिया केली. गाठीमुळे उजवीकडच्या फ्रंटल लोबचा, म्हणजे कपाळामागच्या मेंदूचा, बहुतेक भाग काढावा लागला. त्यानंतर ती बोलायची नीट, आठवण शाबूत, वागणं मार्दवाचं. तपासणाऱ्या डॉक्टरांना फारसं काही वावगं सापडेना. वर्ष उलटून गेल्यावर एका संध्याकाळी तिनं एक पाहुणा आणि घरची चार माणसं यांच्यासाठी साधंसं जेवण करायला घेतलं. सगळा दिवस हाताशी होता. जेवायच्या वेळेला भाऊ स्वयंपाकघरात गेला तर सगळं सामान मांडलेलं, एखाददुसरं काही शेगडीवर, सॅलड झालेलं नाही, मांस शिजायला ठेवलेलंच नाही, आणि ती गोंधळून रडवेली झालेली. कुणीतरी मदतीला लागलं, भराभर सगळं झालं, आणि जेवताना ती पूर्वीसारखी हसत-बोलत होती. पेनफिल्डनं १९३५ मध्ये हे ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. चाचण्यांत न सापडलेलं न्यून एका स्वयंपाकानं दाखवलं होतं. तिची गाठ ताईच्या गाठीसारखी सौम्य नव्हती. ती पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये ती बाई गेली. पण त्या संध्याकाळपुरतं बोलायचं तर मला त्यात माझा मुद्दा दिसत होता : मदत घेतली की काम होतं, आणि माणूस हसतं.

ताई बराच वेळ गप्प होती.

ताई : ही हकिकत कुणी लिहिली?

मी : पेनफिल्डनंच.

ताई : म्हणजे भावानं. ज्यानं मेंदूचा भाग काढला, त्यानंच काय उणं राहिलं ते लिहिलं. बहिणीचं म्हणणं कुठे लिहिलंय? तिला मदत हवी होती, की आणखी एक तास हवा होता? पाहुण्यांसमोर ती हसली, कारण पाहुण्यांसमोर आपण हसतोच. आज माझ्या घरी कुणी डोकावलं तर मीही हसते. तूसुद्धा उद्या माझं काही लिहिशील तेव्हा सांभाळून लिही.

मी : मग तिला तसंच रडवेलं ठेवायचं होतं का स्वयंपाकघरात?

ताई : असं कुठे म्हणतेय मी? मदत करावीच. पण मदत झाली म्हणजे प्रश्न मिटला, असं मदत करणाऱ्यालाच वाटतं. तू सारखी ‘स्वीकार, स्वीकार’ म्हणतेस ना, त्याचं मला एवढंच दिसतं : माझा थकवा तुम्हाला सोसेल, माझं तळ्यात-मळ्यात तुम्हाला सोसत नाही. आज बरी, उद्या आडवी, परवा पुन्हा बरी. ‘ताईचं आता हे असंच’ म्हटलं की तुमची घडी बसते. सणाला मला मोजायचं की नाही, हे एकदाचं ठरून जातं. तुमच्या सोयीसाठी मी माझी आशा बंद करायची?

यावर आम्ही किती तरी वेळ अडलो. मी म्हटलं, सोय हा शब्द अन्यायाचा आहे. ती म्हणाली, मग दुसरा कोणता वापरू? मी म्हटलं, काळजी. ती म्हणाली, काळजी असती तर मला विचारलं असतंस. तू तर केटररला विचारून आलीस. मी म्हटलं, आशेलाही किंमत असते आणि ती तू एकटी मोजत नाहीस. दिवाळीत तू चकल्या करायला बसलीस आणि पुढचे कित्येक दिवस अंथरुणाला खिळलीस. भाऊजींनी रजा टाकली, सूनबाईनं तिच्या कामाच्या वेळा बदलल्या. तुझ्या झगड्याचं ओझं आम्हीही उचलतोय.

ताई : हं. मग हे सांग ना! ‘ताई, आम्ही दमलोय’ असं म्हण. ते मला कळेल. दमणं म्हणजे काय हे या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुम्ही दमलाय म्हणून मी पाच भाज्या कमी करेन. पण ‘तुझ्या भल्यासाठी तू स्वीकार’ म्हणून माझ्या गळ्यात घालू नकोस.

हा मुद्दा मी आजही पूर्ण परतवू शकत नाही. धडधाकट माणसानं आजाऱ्याला सांगितलेला स्वीकार आणि आजाऱ्यानं स्वतः केलेला स्वीकार, शब्द एकच, पण पहिल्यात सांगणाऱ्याचं काही जात नाही. तरीही माझं म्हणणं संपलेलं नव्हतं.

मी : ऑक्युपेशनल थेरपिस्टनं तुला काय शिकवलंय? दमण्याआधी थांब. एका वेळी एकच काम. पायऱ्या कागदावर लिहून फ्रिजवर लाव, टायमर लाव. तू हे सगळं करतेस. अकरा वाजता, थकवा यायच्या आधीच, खोली अंधारी करून अर्धा तास पडतेस. हा स्वीकार नाही तर काय आहे?

ताई : ती तयारी आहे. मी पडते ते पुढच्या महिन्यात साडेअकराला पडता यावं म्हणून.

मी : आणि साडेअकरा कधीच आले नाहीत तर?

ताई : तर तेच पडणं स्वीकार ठरेल. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. पण त्याला नाव काय द्यायचं, ते मी देईन. आणि आजच दिलं पाहिजे असंही नाही.

मग ती फिनिअस गेजवर आली. अनेक वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलेली बाई ती. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना ज्याच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली, तो. सगळे एवढंच सांगतात की तो आधीचा माणूस उरला नाही, ती म्हणाली. पुढे त्यानं चिलीमध्ये कित्येक वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली, हे कोण सांगतं? लोकांना बिघाड पाठ असतो, सावरणं नाही. मी म्हटलं, एका माणसावरून सगळ्यांचं ठरत नाही. ती म्हणाली, माँट्रियलच्या बाईवरून ठरत होतं तेव्हा चाललं.

आणि मग एकदम :

ताई : जाऊ दे पुरण. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरॅसिटामची गोळी चालू आहे. तिनं काहींची चिडचिड वाढते, हे न्यूरॉलॉजिस्टनी घरात सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून माझा एकही राग माझा राहिलेला नाही. परवा मांडणीवरचे मसाल्याचे डबे कुणीतरी हलवले. मी ओरडले. सगळे एकमेकांकडे बघून हळूच म्हणाले, गोळी. अगं, गोळी नव्हे, डबे! गोडा मसाला कुठला आणि गरम मसाला कुठला, हे मी झाकण उघडून ओळखायची. आता जागेवरून ओळखते. जागा बदलली की मला माझ्याच घरात विचारत फिरावं लागतं. पण हे कुणाच्या कानातच शिरलं नाही, कारण रागाचं कारण त्यांना आधीच मिळालं होतं.

मी : पण गोळीचा परिणामही असतो, ताई. कधी कधी तू खरंच विनाकारण तुटून पडतेस. डॉक्टरांशी बोल, औषध बदलता येतं का बघतील.

ताई : बोलणार आहे. आणि दोन्ही असेल, नाही म्हणत नाही. पण कुठला राग गोळीचा आणि कुठला डब्यांचा, हे ठरवायला आधी कुणी माझ्याशी भांडायला नको का? ऑपरेशन झाल्यापासून सगळे मला समजून घेतात. आज तू मला तासभर उलट बोललीस. बरं वाटलं.

यंदाच्या गौरींचं अर्धंच ठरलंय. पुरण ती शिजवणार, बाकी तीन शेगड्या बंद ठेवून. पोळ्या मी लाटणार. मी मदतीला हात लावायचा, पहारा करायचा नाही, ही तिची अट. घरातल्यांनी दमल्यावर दमलो म्हणायचं आणि तिनं ते मनाला लावून घ्यायचं नाही, ही माझी. भाज्यांवर मात्र अजून तिढा आहे. ती अकरावर आली आहे, माझ्या मते पाच पुरेत. तिच्या आशेवर तिचा हक्क आहे, हे मला पटलं. तिचा अंदाज बरोबर आहे, हे पटलेलं नाही. ते मी तिला गौरीच्या दिवशी ओट्याशी उभी राहूनही सांगणार आहे, आणि ती चिडली तर तो राग गोळीच्या नावावर टाकणार नाही.