रात्र काढण्याची किंमत

प्रवासात उतरायचे कुठे, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात पैशाचा प्रश्न म्हणूनच मांडला जातो. एक जण म्हणतो, रात्रीपुरती पाठ टेकायची, त्यासाठी हजारो रुपये कशाला मोजायचे? दुसरा म्हणतो, वर्षातून एकदा घराबाहेर पडतो, तेव्हाही कुबट वासाच्या खोलीत राहायचे का? दोघांचेही खरे असते. शेवटी ज्याच्या हातात पाकीट त्याचे चालते.

आपल्याकडे किफायतीला मान आहे. फिजूलखर्ची वाईट, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. कंजुषीही तितकीच वाईट, हे मात्र हळू आवाजात सांगितले जाते. या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे ओढायची? स्वतःच्या कपड्यालत्त्यात हे अवघड नाही. जुना सदरा मी वापरला तर झीज माझीच होते. मुक्कामाच्या खोलीचे तसे नाही. तिथे बचत एकाची आणि सोसणे दुसऱ्याचे, असे सहज घडून जाते.

‘पाठ टेकायला जागा’ हे शब्द मी बहुतेक वेळा पुरुषांच्या तोंडून ऐकले आहेत. दाराची कडी लागते का, संडास खोलीत आहे की व्हरांड्याच्या टोकाला, तिथे दिवा आहे का, हे प्रश्न बायका विचारतात आणि त्यांना नखरे म्हटले जाते. माझ्या लहानपणी एका देवदर्शनाच्या गावी आम्ही स्वस्त लॉजमध्ये उतरलो होतो. रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून अम्मी संध्याकाळपासून पाणी प्यायली नाही. अब्बा सकाळी वाचलेल्या पैशांचा हिशेब समाधानाने सांगत होते. त्या हिशेबात अम्मीची तहान कुठेच नव्हती.

हे सगळे डोक्यात पुन्हा आले ते अकोले तालुक्यात फिरताना. (विदर्भातले अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातले अकोले. हा खुलासा इथल्या माणसाला जन्मभर करावा लागतो. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी खुलासा सुटलेला नाही.) मुक्कामाच्या जितक्या पायऱ्या या एका तालुक्यात पाहायला मिळतात, तितक्या क्वचितच कुठे मिळतील. भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्याकडे खिडक्या असलेली महागडी रिसॉर्ट आहेत, पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, काठाने तंबू आहेत. रतनवाडीला, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीला, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईला घराघरांतून जेवणाची आणि झोपण्याची सोय होते. आणि हरिश्चंद्रगडावरच्या लेण्यांत, जिथे भाडे मागणारे कोणी नाही, तिथे गिर्यारोहकांनी वर्षानुवर्षे रात्री काढल्या आहेत.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, इथल्या झाडांवर काजवे चमकतात. ते पाहायला मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रांग लागते. अशाच एका संध्याकाळी एका घरापुढे मोठी गाडी थांबली. उतरलेल्या मंडळींनी जेवणाचा दर विचारला आणि घासाघीस सुरू केली. ताटामागे पन्नास रुपये कमी करून घेतले, वर लहान मुलांचे अर्धे ताट धरायला लावले. हीच माणसे रिसॉर्टच्या काउंटरवर छापील दरपत्रक पाहून निमूटपणे कार्ड पुढे करतात. छापलेल्या आकड्याशी आपण भांडत नाही. समोर पदर खोचून उभी असलेली बाई दिसली की आपल्यातला व्यापारी जागा होतो. तिचा दर जणू तिच्या तोंडाने सांगितला म्हणूनच खोटा!

त्या भागाचा इतिहास पाहिला तर ही घासाघीस अधिकच टोचते. भंडारदऱ्याचे धरण 1910 साली बांधायला घेतले आणि 1926 साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. पाऊस या डोंगरांवर पडतो, पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या उसाला जाते, आणि वरच्या कित्येक आदिवासी वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन वणवण करतात. पर्यटनाचा पैसाही बराचसा पाण्याच्याच वाटेने डोंगर उतरून जातो. म्हणून वाडीतल्या घरात राहिलेले बरे, असे कोणी म्हणेल, आणि मलाही ते पटते. पण त्यात एक मेख आहे. काजव्यांचे दिवस आणि टंचाईचे दिवस एकच. शहरातला पाहुणा सकाळी दोन बादल्या गरम पाणी मागतो. ते कुठून आले आणि कोणाच्या डोक्यावरून आले, हे तो विचारत नाही. स्वस्तात राहून गरिबाला मदत केल्याचे समाधान तेवढे घेऊन जातो. मोठ्या हॉटेलातही गावातलीच पोरे चादरी बदलतात, आणि तिथला पगार निदान महिन्याच्या महिन्याला ठरलेला असतो, हेही विसरता येत नाही.

पाहुणचाराबद्दल आपल्याकडे हदीसची एक शिकवण नेहमी सांगितली जाते, की तो तीन दिवसांचा, त्यापुढचे ते दान. तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये. म्हणजे बंधन यजमानावर आहे तसे पाहुण्यावरही आहे. जकातीच्या हक्कदारांत वाटसरूही धरला आहे. त्यात घरी श्रीमंत असलेला पण वाटेत अडलेला माणूसही येतो. कारण प्रवासात माणूस गरजू होतो, हे तेव्हाचे वास्तव होते. सराया, धर्मशाळा, मुसाफिरखाने उभे राहिले ते अशा अडलेल्यांसाठी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात कोकणातले, मराठवाड्यातले हाजी जहाजाची वाट पाहत पथाऱ्या पसरत. 1995 नंतर हजची जहाजे बंद झाली. त्या पथारीला कोणी स्वस्त म्हटले नाही, महाग म्हटले नाही. ती गरज होती.

निवडीची चैन ज्याला परवडते त्याचे निराळे. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो बादशहा जहांगीरच्या भेटीला जाताना बुऱ्हाणपूरला थांबला. त्याला सराईतल्या खोल्या देण्यात आल्या. त्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या, अपमान वाटला, आणि त्याने स्वतःच्या तंबूंचा आधार घेतला. ज्या खोल्यांत एखादा व्यापारी अल्लाचे आभार मानून झोपला असता, तिथे वकिलाला राजाची इज्जत आडवी आली. आपल्यापैकी किती जण खोलीसाठी पैसे मोजतात आणि किती जण इज्जतीसाठी, कोण जाणे.

इज्जतीची आणखी एक बाजू आहे, आणि ती या अंकाच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. एका शहरात, नाव सांगत नाही, लॉजच्या माणसाने खोली आहे म्हणून वही पुढे केली आणि मी नाव लिहिताच त्याला आठवले की खोल्या भरल्या आहेत. त्या रात्री आम्ही दुप्पट भाड्याच्या हॉटेलात गेलो. तिथल्या मुलीने ओळखपत्राची झेरॉक्स घेतली, हसून किल्ली दिली. त्या वरच्या पैशात मला मऊ गादी मिळाली की माझे नाव बिनबोभाट खपले, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याला फिजूलखर्ची म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

रतनवाडीच्या मावशींनीही नाव विचारले होते. ऐकून म्हणाल्या, “तुमच्यात काय चालत न्हाई, ते आधी सांगा.” आम्ही म्हटले, तुम्ही खाता तेच द्या. मग नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात आला. अंथरूण जाडेभरडे पण धुतलेले होते. सकाळी आंघोळीला अर्धी अर्धी बादली पुरवली. निघताना पैसे विचारले तर मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, “काय द्यायचं ते द्या.”

दरपत्रक नसलेला हा आकडा ठरवायला आम्हाला फार वेळ लागला. बायकोने आणि मी अंगणाच्या कडेला जाऊन हलक्या आवाजात बेरीज केली. भंडारदऱ्याच्या खोलीचे काय पडले असते ते आठवले, मग माणशी जेवण, मग ते पाणी. पाण्याचे किती धरायचे, इथे आम्ही अडलो. मावशी तोवर चुलीपुढे बसून पुढच्या पाहुण्यांसाठी पीठ मळायला लागल्या होत्या.