टेकलेला खूर

जरा थांबा.

हातातलं काम बाजूला ठेवा. मोबाइल पालथा ठेवा. खांदे सैल सोडा.

श्वास आत येतो आहे. श्वास बाहेर जातो आहे. त्याला त्याच्या चालीने येऊ-जाऊ द्या.

आता उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख दाबा. हलकेच. नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडतो.

सोडा. गुलाबी रंग परत येतो.

पुन्हा एकदा. दाबा... सोडा...

रक्त हटतं. रक्त परत येतं. आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे.

*

घोडा याच बोटावर उभा असतो.

त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट आहे, मधलं. खूर म्हणजे त्या बोटाचं जाड, गोलसर, टणक नख.

पाचशे किलोच्या आसपासचं अंग. चार नखं.

ते मनात आणा. घाई करू नका.

घोडा चालतो. खूर टेकतो, खूर उचलला जातो. टेकला की दाब. उचलला की सुटका. दर पावलाला रक्त खुरात उतरतं आणि पुन्हा वर चढतं.

घोडा उभा असतो तेव्हाही पाहा. मागचा एक पाय तो किंचित दुमडतो, खुराचं टोक जमिनीला नुसतं लावून ठेवतो. थोड्या वेळाने पाय बदलतो. एसटीच्या रांगेत उभं राहून आपणही हेच करतो, नकळत.

टेकणं... सोडणं...

*

आता एका पागेत या.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं न्यू बोल्टन सेंटर. विद्यापीठाचं जनावरांचं रुग्णालय. साल 2006, मे महिना. रात्र.

आत बार्बारो उभा आहे, शर्यतीचा घोडा. तीन वर्षांचा. तपकिरी अंग, काळी आयाळ.

6 मे रोजी त्याने केंटकी डर्बीची शर्यत जिंकली, साडेसहा घोड्यांच्या अंतराने. 20 मे रोजी बाल्टिमोरला प्रीकनेसची शर्यत सुरू झाली आणि थोड्याच अंतरावर त्याचा उजवा मागचा पाय मोडला. जॉकी एडगर प्राडोने लगाम खेचून त्याला थांबवलं.

तो आरडाओरडा तिथेच राहू द्या. आपण पागेत आहोत.

इथे गवताचा वास आहे. नाकपुड्यांतून येणारा ऊबदार श्वास आहे. फुरफुर. मग शांतता.

त्याच्याबरोबर श्वास घ्या.

*

डॉक्टर डीन रिचर्डसन यांनी त्याच्या पायात धातूची पट्टी आणि 27 स्क्रू बसवले आहेत. हाडाचे वीसहून जास्त तुकडे झाले होते.

भूल उतरतानाचा तो क्षण पाहा. शुद्धीवर येणारा घोडा धडपडून उठू पाहतो, आणि त्या धडपडीत जोडलेलं हाड पुन्हा मोडू शकतं. म्हणून त्याला झोळीत घालून कोमट पाण्याच्या तलावात उतरवतात. पाय रबरी तराफ्यातून खाली सोडलेले. पाण्यात तो पाय मारतो, पण कशावर आदळत नाही.

पाणी त्याचं वजन घेतं.

थोडा वेळ त्या पाण्यात राहा. तुमचंही अंग हलकं होऊ द्या.

मग पाणी संपतं. तो आपल्या पायांनी पागेत येतो. आणि वजन परत येतं.

*

तुमची नजर कुठे जाते आहे? उजव्या पायावरच्या प्लास्टरकडे. सगळ्यांची तिथेच जाते.

तिला हळूच बाजूला आणा. डाव्या पायाकडे.

हा पाय धडधाकट आहे. त्याला काही झालेलं नाही. तो फक्त टेकलेला आहे.

सकाळी टेकलेला. दुपारी टेकलेला. रात्री टेकलेला.

शेजारचा पाय दुखतो, म्हणून याला पाय बदलता येत नाही.

नख दाबा. या वेळी सोडू नका. पांढरा रंग पाहत राहा. दहा श्वास.

*

खुराच्या आत जाऊ या.

बाहेर टणक भिंत. आत एक लहानसं हाड. त्या दोघांमध्ये नाजूक पापुद्रे आहेत, सुमारे सहाशे. अळंबीची छत्री उलटी केली की खाली झालरी दिसतात, तसे. भिंतीचे पापुद्रे आणि आतले पापुद्रे एकमेकांत गुंतलेले. सगळा घोडा या गुंतवळीला टांगलेला असतो.

पापुद्र्यांना रक्त हवं. रक्ताला खूर सुटायला हवा.

तो सुटत नाही तेव्हा पापुद्रे सुजतात आणि एकमेकांपासून निसटू लागतात. भिंत हाडाला सोडते. या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात. मोडलेलं हाड सांधत असतानाच, दुसऱ्या पायात, ते चोरपावलांनी येतं.

*

मग त्याला आडवा का करू नये? माणसाला आपण खाटेवर झोपवतो.

घोडा थोडा वेळ आडवा होतो, गाढ झोपेसाठी. पण दिवसच्या दिवस पडून राहिला तर त्याचंच वजन त्याच्या स्नायूंना आणि फुप्फुसांना चेपतं. कातडीला जखमा होतात.

म्हणजे उभं राहणं जोखमीचं. पडून राहणंही जोखमीचं.

या दोन वाक्यांमध्ये थोडं थांबा. उत्तर शोधू नका.

*

आता ऐका.

पागेतली डॉक्टर त्याच्या कुशीला स्टेथोस्कोप लावते. आत गुडगुड आहे, दूरच्या ढगांसारखी. ती ऐकून तिचा चेहरा निवळतो.

घोड्याचं आतडं चालण्याफिरण्यावर, चरण्यावर चालतं. कोंडून ठेवलं की ते मंदावतं. वेदना कमी करणारी काही औषधं त्याला आणखी मंद करतात, काही पोटात व्रण करतात. घोड्याला उलटी करता येत नाही, आत अडकलेलं वर येऊन सुटत नाही. तिथली शांतता धोक्याची असते.

डॉक्टर ऐकते. तुम्हीही ऐका.

मग हात खाली येतो. खुरावर तळवा ठेवायचा: गरम आहे का? खुराच्या वर, मागच्या बाजूला बोटं लावायची: नाडी ठोके देते आहे का? खुरातली आग आधी तिथे कळते. प्लास्टरवरून हात फिरवायचा: एखादी जागा जास्त तापली आहे का?

रोज तेच. हात आणि पाय. हात आणि पाय.

आपला तळवा कुठेतरी टेकवा. गुडघ्यावर, मांडीवर. त्याखालची ऊब जाणवू द्या.

*

जुलै येतो. उजव्या पायात जंतुसंसर्ग होतो, पट्टी आणि स्क्रू बदलावे लागतात. आणि डाव्या मागच्या खुरात लॅमिनायटिस उतरतो. खुराची ऐंशी टक्के भिंत कापून काढावी लागते.

खुराची भिंत महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. केस वाढावेत तितक्या धिमेपणाने. त्या वाढीची वाट पाहायची, आणि रोज उभं राहायचं.

ऑगस्टमध्ये त्याला बाहेर आणतात. ऊन आहे. तो मान खाली घालतो आणि गवत खातो. मालकीण जवळच्याच आपल्या शेतावरून त्याच्यासाठी ताजं गवत घेऊन येते. अनोळखी माणसं सफरचंदं पाठवतात, गाजरं पाठवतात, पत्रं पाठवतात.

गवत तोडल्याचा आवाज ऐका. चरक... चरक...

नोव्हेंबरमध्ये उजव्या पायाचं प्लास्टर निघतं. मोडलेलं हाड सांधलं आहे.

या क्षणात राहा. तो खरा आहे.

*

जानेवारी येतो. डाव्या खुराचं दुखणं पुन्हा उसळतं. भार उजव्या पायावर येतो, तिथे गळू होतं. मग भार पुढे सरकतो, आणि पुढच्या दोन्ही खुरांत लॅमिनायटिस दिसू लागतो.

हळूहळू एकेक खूर मोजा.

उजवा मागचा. डावा मागचा. उजवा पुढचा. डावा पुढचा.

वजन ठेवायला जागा उरलेली नाही.

29 जानेवारी 2007. सकाळ. त्याची माणसं त्याच्याजवळ आहेत. वेदना इलाजापलीकडे गेल्या आहेत, आणि ती त्याला शांतपणे निरोप देतात.

आठ महिने.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

त्याला वाचवायला ज्ञान होतं, पैसा होता, माया होती. तरी पाचशे किलोचं अंग दर क्षणाला कुठेतरी टेकवावंच लागत होतं.

म्हणून एखाद्या जखमी घोड्यापाशी कधी उभे राहिलात, तर दुखरा पाय पाहा आणि मग दुसऱ्या पायापाशी बसा. त्या खुरावर हात ठेवा. तो गरम आहे का ते पाहा. तो काही बोलत नाही, तो टेकलेला असतो.

आता उभे राहा. सगळा भार डाव्या पायावर घ्या. तळव्याखाली जमीन जाणवू द्या. थांबा. आणखी थोडं थांबा.

आणि आता पाय बदला.