ऑलिव्ह ग्रीन रंगाची किंमत

आपल्या देशात गाड्यांच्या एका रंगावर कायद्याने बंदी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याची नसलेली कोणतीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येणार नाही. पोपटी चालेल, शेवाळी चालेल, पण तो एक मातकट हिरवा चालणार नाही. गेले आठ महिने मी जुनी लष्करी जीप शोधतोय, त्यामुळे हा नियम पाठ झालाय. त्याचा हेतू उघड आहे: लष्कराच्या गाडीचं सोंग कुणी घेऊ नये. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात जितकं फिरलो, तितका या नियमामागचा प्रश्न मला मोठा वाटत गेला. दुसऱ्याने केलेली सेवा आपल्याला पैसे देऊन आपली करता येते का?

माझं बजेट चार लाख. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या, घराचा हप्ता अजून सुरू न झालेल्या माणसाला छंदासाठी एवढे बाजूला काढता येतात, त्याहून जास्त नाही. आणि कमी पैशांचा एक फायदा असतो. श्रीमंत माणूस सगळंच विकत घेतो, त्यामुळे तो नेमकं काय घेतोय हे त्याला ठरवावं लागत नाही. मला ठरवावं लागलं.

जुन्या लष्करी गाडीच्या किमतीत तीन गोष्टी असतात: लोखंड, कागद आणि गोष्ट. लोखंड म्हणजे चासी कुठे गंजलीय, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस किती ओरडतात, पुढचा अ‍ॅक्सल अजून ओढतो का. कागद म्हणजे आरसी, चासीवर ठोकलेला नंबर तिच्याशी जुळणं आणि हस्तांतरणाची साखळी. लष्कर निकामी गाड्या लिलावात काढतं. तिथून चार हातांतून आलेल्या गाडीचा एखादा कागद गहाळ असेल तर ती आयुष्यभर अंगणातच उभी राहते. आणि गोष्ट म्हणजे, ‘साहेब, ही युद्धातली आहे.’

यातलं लोखंड दुरुस्त करायला सर्वात जास्त खर्च येतो. कागद खर्चूनही मिळतीलच असं नाही. गोष्ट तयार करायला मात्र रंगाचे दोन डबे आणि एक स्टेन्सिल पुरतं. तरीही खरेदीदार सर्वात जास्त पैसे तिचेच मोजतो.

शहराबाहेरच्या एका गॅरेजमध्ये मला पावणेचार लाखांची जीप दाखवली गेली. चकचकीत, ऑलिव्ह ग्रीन, मागे तोफ बसवण्याचं मोकळं स्टँड. बॉनेटवर दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सैन्याचा पांढरा तारा, आणि विकणाऱ्याच्या तोंडी १९६५ चं युद्ध. दोन युद्धं, दोन देश, एकच जीप. रंगाचं विचारलं तर म्हणाला, ‘आरटीओला न्यायच्या दिवशी दुसरा मारून देऊ.’ आरसी पाहिली. नोंदणी १९७३ ची, पहिला मालक एक सहकारी संस्था.

पासष्टचं नाव का घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. खेमकरण भागात असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबर १९६५ ला ते तिथेच हुतात्मा झाले. मरणोत्तर परमवीर चक्र. चिलखत नसलेली, पत्र्याची, उघडी गाडी आणि समोर रणगाडे. त्या स्टँडवर नुसता हात ठेवला तरी त्यातलं काहीतरी आपल्याला लागतं, असं वाटतं. हे वाटणं खोटं नाही. माझं दिवसभराचं काम स्क्रीनवर होतं. त्याला वजन नाही, त्याचं ग्रीस हाताला लागत नाही. ज्या वस्तूवर कुणाचा तरी जीव अवलंबून होता तिच्याकडे माझ्यासारखा माणूस ओढला जातो, यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे.

आजोबांचे धाकटे भाऊ, तात्या, सातारा जिल्ह्यातले. लष्करात ड्रायव्हर होते, शक्तिमान ट्रक चालवायचे. त्यांना मी त्या जीपचे फोटो दाखवले.

‘लॉगबुक हाय का?’
‘नाही, तात्या.’
‘मग लढाईत व्हती हे सांगितलं कुणी? जीपनं?’

मग म्हणाले, ‘पासष्टला मी बटाटे वाहिले. बटाटे, डाळ, रॉकेल. तेबी लढाईतच की रं.’

मी विचारलं की तुमच्या ट्रकचं काय झालं. त्यांना कळेचना की कुठल्या ट्रकचं. गाडी बिघडली की वर्कशॉपला जायची, दोन मोडक्यांची एक चालती होऊन यायची. ‘नंबर ध्यानात ठेवायचा. बाकी इंजिन कुणाचं, चाक कुणाचं, कोण इचारतंय?’

तात्यांच्या या वाक्याने माझी आधीची बरीच गणितं विस्कटली. जुन्या गाड्यांचे शौकीन ‘मूळ सुटे भाग’ या कल्पनेवर जीव टाकतात. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवलं होतं. आज जगभरचे संग्राहक तसे बोल्ट शोधत फिरतात, म्हणजे फोर्डची जीप शंभर टक्के फोर्डची होईल. पण या दोन कंपन्यांच्या जीपा मुळात एकाच आराखड्यावर बनवल्या होत्या, त्या याचसाठी की एकीचा भाग दुसरीला बसावा. आघाडीवर मेकॅनिकच्या हाताला जे लागेल ते बसावं आणि गाडी पुन्हा चालावी. लष्करी गाडी ही जाणूनबुजून ‘स्वत्व’ नसलेली वस्तू म्हणून घडवली जाते. तिच्या बोल्टांत तिचा आत्मा शोधणं म्हणजे तिचा मूळ उद्देशच विसरणं.

सगळ्या फळ्या बदललेल्या ग्रीक जहाजाचं कोडं अनेकांना माहीत असतं. त्यापेक्षा आपल्या जवळचं उदाहरण ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे, आणि ते तर गाडीचंच आहे. मिनँडर राजा भिक्खू नागसेनाकडे रथातून येतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की हे सगळे भाग एकत्र असताना आपण त्याला जे म्हणतो ते नाव म्हणजे ‘रथ’. आत कुठे रथपणाचा वेगळा गाभा नाही. नागसेन हे माणसाबद्दल सांगत होता, पण जीपलाही ते तंतोतंत लागू पडतं.

इथे एक चलाख युक्तिवाद डोकं वर काढतो. गाडीत गाभाच नसेल आणि ‘लष्करी जीप’ हे नुसतं नाव असेल, तर सहकारी संस्थेच्या जीपला ते नाव देण्यात काय बिघडलं? पत्रा तोच, नकाशा तोच.

याचं उत्तर मला माझ्या धंद्यात सापडलं. आमच्याकडे कोडचा सगळा इतिहास गिट नावाच्या प्रणालीत साठवतात. कुणी, कधी, काय बदललं, याची प्रत्येक नोंद. मी ज्या प्रकल्पावर काम करतो त्यातली पहिल्या वर्षीची कदाचित एकही ओळ आज शिल्लक नसेल. तरी तो तोच प्रकल्प आहे यावर कुणाचं दुमत नाही, कारण पहिल्या नोंदीपासून आजपर्यंतची साखळी तुटलेली नाही. गिटमध्ये हा इतिहास मागाहून नव्याने लिहायचीही सोय आहे. स्वतःपुरत्या कामात ती सर्रास वापरतात. पण ज्या इतिहासावर इतरांनी विसंबून काम उभं केलंय तो गुपचूप बदलला, तर सहकारी तुम्हाला माफ करत नाहीत. कोड चालत असतो. बिघडतं ते हे, की आता कशावर विश्वास ठेवायचा हे कुणालाच कळत नाही.

वस्तूत गाभा नसेल तर तिच्याजवळ उरतो तो फक्त तिचा इतिहास. म्हणून नागसेनाचं म्हणणं मान्य केलं की खोट्या गोष्टीची सूट मिळत नाही. उलट ती आणखी गंभीर होते. भाग बदलले तर जीप तीच राहते. गोष्ट बदलली तर राहत नाही.

‘पण यात नुकसान कुणाचं?’ असं माझ्या एका मित्राने विचारलं. सिनेमात खोट्या जीपा वापरतातच की. वापरतात, पण पडद्यावर सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. रस्त्यावर ते कुणाला सांगितलेलं नसतं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन आलेला माणूस एखाद्या रणगाड्यासमोर थबकतो, तो समोरची पाटी खरी आहे या भरवशावर. बाजारातली प्रत्येक खोटी पासष्टची जीप त्या भरवशातून थोडं थोडं काढून घेते. झीज हळू होते, म्हणून कुणाला दिसत नाही.

दुसरं नुकसान मला जास्त खुपतं. सहकारी संस्थेच्या त्या जीपला तिचं स्वतःचं आयुष्य होतं. आपल्या ग्रामीण भागात ‘जीप आली’ म्हणजे सरकार आलं, साहेब आले, डॉक्टर आले. पुढे त्याच जीपांत दाटीवाटीने माणसं भरून वडाप चाललं. आठवडी बाजार, बाळंतिणी, निवडणुकीचे कर्णे, वऱ्हाडं, सगळं या पत्र्याने वाहिलं. ते सगळं घासून काढायचं आणि वर न झालेल्या युद्धाचा रंग मारायचा, यात एक निवाडा दडलेला आहे. माणसं मारायला नेलेली गाडी मोलाची, माणसं दवाखान्यात नेलेली गाडी भंगार. हा निवाडा बाजाराने केला आणि आपण भाव देऊन त्यावर सही करतो. तात्यांच्या बटाट्यांनाही त्यात जागा नाही.

शेवटी मी जी जीप घेतली ती आटपाडीकडची. महिंद्राची, १९६२ ची, लष्कराच्या लिलावातून १९७१ साली आलेली. किंमत एक लाख नव्वद हजार. उरलेले पैसे ब्रेक, वायरिंग आणि चासीच्या वेल्डिंगला लागणार आहेत. तुमचंही बजेट तंग असेल तर एवढंच सांगेन: निम्मे पैसे खरेदीनंतरसाठी ठेवा, आणि कागद नसलेल्या गाडीकडे वळून पाहू नका.

विकणारे काका साठीचे. लिलावात ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी युद्धाचं काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, ‘पाव्हणं, मिल्ट्रीत तिनं काय केलं ते मला म्हाईत न्हाई. आमच्याकडं आल्यापासनं सांगतो.’ आणि सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात पाण्याची बॅरलं कुठून कुठे नेली. पेट्रोल परवडेना म्हणून अठ्ठ्याऐंशीला डिझेल इंजिन कसं बसवलं. डावा मडगार्ड कुणाच्या लग्नात चेपला. घाटात चासी कुठे तडकली आणि कुठल्या मिस्त्रीने सांधली. अर्धा तास मी नुसता लिहून घेत होतो. माझ्या आठ महिन्यांच्या शोधात कुठल्याही विकणाऱ्याने एवढं पूर्ण लॉगबुक दिलं नव्हतं.

या जीपला एक मोह जोडलेला आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली: पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार. वयात माझी जीप बसते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. भंगार बाजारातून जुनं पेट्रोल इंजिन आणून, डिझेल उचलून फेकून देण्याचा सल्ला मला तिघांनी दिला. नंबर मिळो न मिळो, ‘ओरिजिनल’ म्हणून भाव दुप्पट होईल म्हणाले. होईलही. पण ते पेट्रोल इंजिन या जीपचं कधीच नव्हतं, आणि हे डिझेल इंजिन पस्तीसहून जास्त वर्षं तिचं आहे. मी ते ठेवतोय. व्हीए नंबर मिळणार नाही, विकताना किंमत कमी येईल. प्रामाणिकपणा फुकट पडत नाही, आणि तो फुकट पडावा अशी अपेक्षाही मला बरोबर वाटत नाही.

रंगही काकांच्या वडिलांनी दिलेला फिकट निळाच राहील. त्याखाली एका ठिकाणी जुना हिरवा डोकावतो. तो मी खरवडणार नाही आणि वाढवणारही नाही.

एक वही केली आहे. त्यात काकांनी सांगितलेलं सगळं तारखांसकट उतरवलंय, पुढची दुरुस्तीही त्यातच लिहीन, आणि कधी विकलीच तर वही गाडीबरोबर जाईल. पहिल्या पानावर १९६२ ते १९७१. या नऊ वर्षांत पासष्ट येतं. ती खेमकरणला असेल, किंवा एखाद्या डेपोत पंक्चर होऊन उभी असेल, किंवा बटाटे वाहत असेल. तिथे मी लिहिलंय, ‘लष्करात होती. काय केलं, माहीत नाही.’ खाली अर्धं पान मोकळं ठेवलंय, कधी कुणाकडे कागद निघालाच तर.