न विचारलेला प्रश्न

शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीत जनावरांच्या बाजाराचं एक जलरंगातलं चित्र आहे. बालगंधर्व कलादालनातल्या एका प्रदर्शनात घेतलेलं. लिंबाखाली खिल्लार जोडी, मागे धुळीत विरलेली बैलगाडी, पुढे उपरण्याखाली हात धरून उभे असलेले दोघे. ऑफिसातले मित्र बघून म्हणतात, "किती शांत वाटतं रे!" मीही तेच म्हणायचो.

गेल्या महिन्यात सांगोल्याकडून आबा, म्हणजे माझे आजोबा, राहायला आले. चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हेड्या दाबतोय त्याला." उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. पण विकणाऱ्याचे पडलेले खांदे आबांना दिसले. मला इतके दिवस फक्त रंग दिसत होते.

२०१५मध्ये मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि आबांनी सांगोल्याच्या बाजारात बैलजोडी विकली. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली होती. आमचे बैल उतरत्या वयाचे, गिऱ्हाईक मिळेना. आबा संध्याकाळी नुसता कासरा घेऊन घरी आले. बैल पुढे कुठं जाणार, हे त्यांनी हेड्याला विचारलं नाही. फी कुठून आली, हे मी त्यांना विचारलं नाही. रिकामी दावण दिसत असूनही.

न विचारणं हा अपराध आहे का?

माझं तर कामच त्यावर चालतं. आत काय घडतंय ते न कळता लोकांना वापरता यावं, असं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. यंत्राबाबत ही सोय आहे. माणसांबाबत तीच सवय लागली, की आपलं सुख कुणाच्या जिवावर आलं हे दिसेनासं होतं. आबांनी विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी बैल विकावेच लागणार होते. तो सल त्यांनी सोसला. माझं न विचारणं मात्र फुकटचं होतं.

चित्र काढून ठेवू का, म्हटलं. "राहू दे. बैल झकास काढलेत."

मग धीर करून विचारलं, "आबा, जोडी कितीला गेली होती?"

त्यांनी माझा हात ओढला, वर पंचा टाकला आणि बोटं दाबली. मला ती भाषा येत नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा तोंडानं सांगितलं.

आकडा माझ्या पहिल्या वर्षाच्या फीपेक्षा कमी होता. उरलेले कुठून आणले, ते अजून विचारायचंय.