उरलेले पाणी कोणाचे?

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात तेथील आदिवासी पाडे टँकरची वाट पाहतात. पाणी खडकाळ उतारांवरून वाहून जाते, विहिरी आटतात. वैतरणेवरील धरणांचे पाणी मात्र मुंबईच्या नळांना येते. दारात शौचालय असले, तरी डोक्यावरून आणलेला हंडा त्यात कोण रिता करणार? बाई अंधारातच बाहेर जाऊन येते. तिला आपण अस्वच्छ म्हणतो, हा वर आणखी अन्याय.

गरजेहून अधिक पाणी असूनही ज्याने ते वाटसरूला नाकारले, त्याच्याशी अल्लाह कयामतच्या दिवशी बोलणार नाही, अशा आशयाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. हा नकार केवळ विहिरीच्या काठावर उभा असलेलाच देतो काय? मुंबईच्या मशिदीत नळ मोकळा सोडून वुजू करणाऱ्याने कोणालाही ‘नाही’ म्हटलेले नसते. तहानलेला त्याला दिसतच नाही. पण न दिसल्याने त्याचा हक्क संपतो, असे मला वाटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वुजू एक मुद, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात होत असे.

नळ बंद केल्याने ते पाणी पाड्यावर पोहोचणार नाही, हे खरे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली होती. आपल्या मशिदींच्या समित्यांनी सदक्याच्या रकमेतून मोखाड्यातील एखाद्या विहिरीचा गाळ काढावा. तेथील बांधव मुस्लिम नाहीत, ही सबब मी ऐकली आहे. हदीसमधील वाटसरूला त्याचा धर्म विचारलेला नाही.