झाकलेले शस्त्र

शस्त्र जवळ बाळगल्याने मनुष्य अधिक सुरक्षित होतो की काय, याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. ज्याच्या कमरेला भरलेले पिस्तूल आहे आणि समोरच्यास ते ठाऊक नाही, अशा मनुष्यावर इतरांहून काही अधिक कर्तव्य येऊन पडते की नाही?

आम्ही ग्वाल्हेरचे. चंबळेच्या या प्रदेशात परवान्याची बंदूक ही घरातल्या तांब्यापितळेच्या भांड्यांइतकीच परिचित वस्तू आहे. लग्नाच्या वरातीत ती खांद्यावर दिसते आणि निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी तिच्या रांगा लागतात. शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत मात्र, तलवार भिंतीवर गेल्यापासून, शस्त्राची सवय उरलेली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका जमिनीच्या दाव्यात आमच्या अशिलाबरोबर आम्हांसही धमक्या आल्या. त्याच सुमारास मामांच्या निधनानंतर त्यांचे .३२ बोअरचे जुने वाल्थर पिस्तूल वारसाने आमच्याकडे आले. रीतसर परवाना करून आम्ही ते चौदा महिने बाळगले. हा लेख त्या चौदा महिन्यांच्या अनुभवातून लिहीत आहोत.

वाल्थर कंपनीचे हे पीपी पिस्तूल १९२९ साली निघाले. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. साध्या पिस्तुलाचा घोडा आधी हाताने चढवावा लागतो, मग चाप दाबावयाचा. या ‘डबल ॲक्शन’ पिस्तुलात चापच दोन्ही कामे करतो: घोडा उचलतो आणि सोडतो. म्हणून पहिल्या गोळीसाठी चाप लांबवर आणि चांगला जोर लावून ओढावा लागतो. नळीत गोळी असतानाही घोडा हलकेच खाली उतरवून ठेवता यावा यासाठी निराळी कळ असते. चाप पूर्ण झाकणारे घट्ट म्यान वापरले आणि बोट चापापासून दूर ठेवण्याची सवय केली, तर असे पिस्तूल सहजासहजी उडत नाही. परंतु पहिली गोळी सुटताच तिच्या धक्क्याने घोडा आपोआप चढलेला राहतो. दुसऱ्या गोळीस मग बोटाचा थोडासा दाबही पुरतो. पहिलीस जेवढा निश्चय लागतो, त्याच्या निम्माही दुसरीस लागत नाही.

फौजदारी वकिलास येथे कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंडसंहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. शब्द थोडे बदलले, आशय तोच राहिला. सरकारी संरक्षण मागण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही. आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. आणि जिवाची भीती जोवर टिकते तोवरच हक्क टिकतो. हल्लेखोर वळून पळू लागला की हक्क संपला. न्यायालयात वाद माजतो तो बहुधा या क्षणाविषयी. पहिली गोळी छातीत लागली आणि दुसरी पाठीत, तर त्या दोहोंमध्ये कदाचित एका श्वासाचेच अंतर असते. तरी एक संरक्षण ठरते आणि दुसरी गुन्हा. आणि यंत्र तर नेमकी दुसरीच सोपी करून देते!

सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग खटल्यात २०१० साली स्पष्ट केले की, संकट ओढवले असता नागरिकाने भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. हे तत्त्व आम्हांस मान्य आहे, आणि अशिलांसाठी आम्ही ते वेळोवेळी मांडलेही आहे. परंतु कायदा जे करू देतो ते सर्व करावेच असे नाही. आपल्या शास्त्रकारांनी आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन, क्षेत्र वा स्त्री हरण करणारा अशा आततायींची यादी देऊन त्यांच्या वधात दोष नाही असे म्हटले. तरीही गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन त्याच आततायींना मारल्याने पाप लागेल म्हणून थबकतो. पुढे भगवंतांनी त्यास युद्धास उभे केले हे खरे. पण त्याचे थबकणे ग्रंथातून गाळलेले नाही.

आता आमचीच गोष्ट. एका संध्याकाळी फूलबागेजवळ एका मोटारसायकलीने आमच्या स्कूटरला धक्का दिला. चूक त्या तरुणाची होती. तरी तोच शिव्या देत उतरला आणि त्याने आमची गचांडी धरली. पिस्तूल नसते तर आम्ही काय केले असते ते आम्हांस नेमके ठाऊक आहे. चार शब्द बोललो असतो, चार ऐकले असते आणि घरी गेलो असतो. त्या दिवशी आम्ही हललो नाही. कोटाचे टोक बाजूस सरले. ते वाऱ्याने सरले असे आम्ही पुढे पुष्कळ दिवस स्वतःस सांगत होतो. त्याची नजर म्यानावर गेली, चेहरा पांढराफटक पडला, आणि ‘साहब, गलती हो गई’ असे म्हणत तो मागे सरकला. तो आमच्या पुतण्याच्या वयाचा असेल. आमच्या जिवाला त्याच्यापासून कसलाही धोका नव्हता. २०१६ च्या शस्त्रनियमांत, सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेले असावे व ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे, असे बंधन आहे. आमचे पिस्तूल ताब्यात होते. आम्ही स्वतः नव्हतो. त्या मुलाचे भय पाहून आम्हांस समाधान वाटले, ही गोष्ट कोणत्याही कलमाखाली येत नाही.

तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, निःशस्त्र मनुष्यास भांडण्याची जी मोकळीक आहे ती सशस्त्र मनुष्याने सोडून द्यावयास हवी. वाहनाच्या धक्क्यावरून, रांगेतील जागेवरून, शिवीवरून वाद घालण्याचा अधिकार त्याने घरी कुलपात ठेवून निघावे. कारण त्याच्या भांडणात दुसऱ्या पक्षाच्या नकळत मृत्यूही सामील झालेला असतो. आडवळणाच्या मळ्यात राहणाऱ्या शेतकऱ्यास किंवा रोज रात्री दागिने घेऊन परतणाऱ्या सराफास आम्ही शस्त्र टाका असे सांगणार नाही. पोलीस पोहोचेपर्यंत त्यांचे रक्षण कोण करणार? परंतु त्यांनीही गचांडी धरणाऱ्यास आधी दोन पावले वाट द्यावी. कायदा ती पावले मागत नाही, हे ठाऊक असूनही द्यावी.

तो दावा पुढे तडजोडीने मिटला आणि धमक्या थांबल्या. पिस्तूल रिकामे करून कपाटात आहे. गोळ्या दुसऱ्या खणात, किल्ली आमच्याजवळ. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर आला आहे. कारकुनाने कारणाच्या रकान्यात सवयीने ‘आत्मसंरक्षणार्थ’ असे लिहून ठेवले आहे. सही अजून केलेली नाही.