सगळ्यांचे म्हणजे कोणाचे?

मराठी माणसाला ‘सामाईक’ या शब्दाची जेवढी धास्ती, तेवढी कोर्टाचीही नसते. कारण सामाईक म्हटले, की आज ना उद्या कोर्ट आलेच! आमच्या सोसायटीचा जिना सामाईक आहे. मोडकी सायकल ठेवताना तो ‘कोणाचाच नसतो’ आणि झाडायची वेळ आली, की ‘सगळ्यांचा’ होतो. तुम्ही म्हणाल, अर्थ एकच. तसं नाही हो! या दोन शब्दांच्या फटीत अख्खा महासागर मावतो.

पोर्तुगीज गोव्यात बसून समुद्रावर मालकी सांगत आणि इकडच्या गलबतांना परवाने घ्यायला लावत. तेव्हा ह्यूगो ग्रोशियस या डच वकिलाने १६०९ साली पुस्तक लिहून बजावले, की समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, सर्वांना मोकळा आहे. विचार उदात्त, फक्त मांडला होता डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने! ‘जिना मोकळा ठेवा’ म्हणणाऱ्याला बहुधा स्वतःचे कपाट वर चढवायचे असते, त्यातलाच प्रकार.

पुढे साडेतीनशे वर्षे जो तो मासे नेत राहिला आणि कचरा टाकत राहिला. मग १९६७ साली चिमुकल्या माल्टाचे आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रसंघात उभे राहून म्हणाले, की राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात ते तत्त्व आले. त्या वारशाची कचेरी जमैकात, किंग्स्टनला आहे. हिंदी महासागराच्या ७५,००० चौरस किलोमीटर तळावर बटाट्याएवढे गोळे शोधण्याचा करार भारताने २००२ साली तिच्याशीच केला. त्या गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. असा गोळा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो.

माझे घोडे अडते ते इथे. वारसा म्हटला, की वारस आले. पण न जन्मलेल्यांची नावे या सात-बाऱ्यावर लावणार कोण? उद्या सगळ्या राष्ट्रांनी एकमताने, अगदी न्याय्य वाटणी केली, तरी पणतवंडांची सही त्या कागदावर नसणारच. एकमताने केलेला अन्याय हा न्याय होतो का?

वाटून कमी न होणारी एकच गोष्ट मला दिसते, ती म्हणजे माहिती. १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे रशिया आणि अमेरिका एकच पाणी मोजत होते. तिच्यातूनच १९६६ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. आज ‘आर्गो’ची जवळजवळ चार हजार तरंगती यंत्रे जगभर बुड्या मारून पाण्याचे तापमान आणि खारेपणा कळवतात. ती माहिती कोणालाही फुकट, बरं का!

भाऊबंदकीतसुद्धा मोजणीच्या दिवशी सगळे भाऊ बांधावर जमतात. तेव्हा मोजणी नीट होऊ द्या. वाटणीची घाई नको. काही वारस अजून यायचे आहेत.